राहेलमावशीचा नंबर

राहेलमावशी झिराडकर तशी वाईट बाई नव्हे हो, पण तिच्या वाटेला जायचं नाही, हे लोदमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोबाइल कंपनीला ठाऊक नव्हतं. मग काय, भोगा म्हणावं!

मावशी तरुणपणीच ठाण्याहून तेल अविवजवळच्या या लोदला आलेली. नवरा विमानतळावर कामाला होता, तो गेला आणि मागे मुलगी गेउला नि मावशीचा मलिदा राहिला. लग्न असो, सुंता असो, नवं घर असो, मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांचं ताट मधोमध ठेवून एलियाहू हन्नबीचं, आपल्या मराठी ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं तर पोहे राहेलमावशीनेच भिजवायला हवेत. तिने कार्ड भरायचा मोबाइल घेतला तेव्हा तो नंबर लोदपासून किर्यात गातपर्यंत घराघरातल्या फ्रीजवर चिकटला. म्हाताऱ्यांना तर तो पाठच झाला.

मग एका उन्हाळ्यात ती भावाकडे ठाण्याला गेली, चांगले तीन-चार महिने राहिली. जुनी मुंबईची सवय, किमती वस्तू वापरात नसली की कपाटात. मोबाइलची बॅटरी काढली, नव्याकोऱ्या टॉवेलात तो गुंडाळला, लोखंडी कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली कंबरेला लावून विमानात बसली. परत येऊन बघते तर फोन मुका. तिचा नंबर कंपनीने हैफातल्या कुणा प्लंबरला देऊन टाकलेला!

गेउलाला घेऊन मावशी तेल अविवच्या ऑफिसात धडकली. काउंटरवरच्या पोराने मान वर करायचीही तसदी घेतली नाही. "बाई, नंबर तुमचा नव्हताच. नंबर कंपनीचा. तुम्ही वापरला नाहीत, आम्ही काढून घेतला."

"अरे, माझी माणसं मला त्या नंबरावर शोधतात!"

"सावलानूत," तो म्हणाला, म्हणजे धीर धरा, आणि नवा नंबर पुढे सरकवला.

मावशीने धीर धरला. एकेकाला नवा नंबर कळवत बसली. त्याच आठवड्यात किर्यात गातला तिची धाकटी बहीण सुझॅन स्वयंपाकघरात कोसळली. तिचा नवरा मेइर, बिचारा भांबावलेला, पाठ होता तोच नंबर फिरवत राहिला. प्लंबर दोनदा "चुकीचा नंबर" म्हणाला, तिसऱ्यांदा त्याने फोनच बंद केला. आपल्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात. मावशीला कळलं तोवर सुझॅनवर माती पडून गेली होती. पाठच्या बहिणीचं तोंडही बघायला मिळालं नाही.

'शिवा'चे, म्हणजे आपल्यातल्या सुतकाचे, सात दिवस मावशी जमिनीवर बसली. रडली कमी, दात-ओठ खाल्ले जास्त. उठली ती नवस बोलूनच. "एलियाहू हन्नबी, त्या मेल्यांना माझ्यापुढे नाक घासायला लाव. तुझ्या नावाने असा मलिदा करीन की लोद बघत राहील!" गेउला हिब्रूत म्हणाली, "आई, सोड ना." मावशीने सोडलं नाही. चांगली चार वर्षं डूख धरला.

आणि दोन हजार सातच्या हिवाळ्यात कायदाच आला. नंबर ग्राहकाचा, कंपनी सोडली तरी तो सोबत न्यायचा. मावशीने पदर खोचला. ज्याच्या घरी कार्य, त्याला पहिला प्रश्न, "मोबाइल कोणाचा?" त्या कंपनीचा असला तर मलिदा नाही. आधी कंपनी सोडा. नुकताच बाप झालेला उझी कुरकुरला, "मावशी, मला तिथे स्वस्त पडतं गं."

"मग पोराच्या सुंतेचा मलिदाही कंपनीकडूनच घे, मेल्या!"

दुसऱ्याच दिवशी उझीने कंपनी बदलली. मग त्याच्या सासरच्यांनी, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. सोडणाऱ्याला कंपनी कारण विचारायची. जो तो एकच सांगायचा, लोदच्या राहेलला विचारा.

शेवटी विचारलंच. मावशी उझीच्या घरी सुंतेच्या मलिद्यासाठी खोबरं खवत होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. फोनवर कंपनीचा कोणी मोठा साहेब. आवाजात नुसता मध. "बाई, काय हवंय तुम्हाला? सांगाल ते करू."

मावशीने हात पुसले आणि फोनचा स्पीकर लावला. पाहुणे फोनभोवती सरकले.

"माझा जुना नंबर परत दे."

साहेब अडखळला. "तो... तो नाही देता येणार. तो आता त्या माणसाचा आहे. ग्राहकाचा नंबर आम्ही कसा काढून घेणार?"

"ऐकू नाही आलं. मोठ्याने बोल."

"नंबर ग्राहकाचा असतो, बाई. कंपनीचा नसतो."

"आणखी एकदा."

त्याने आणखी एकदा म्हटलं. मावशीचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"हे माझ्या सुझॅनच्या मातीआधी म्हणाला असतास, तर तुझ्या पोरांच्या कार्याचा मलिदा मी फुकट केला असता रे," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मग डोळे पुसून तिने गेउलाला हाक मारली. "अजून पोहे आण गं. माझ्या नवसाचाही आजच करते."