ग्रहणाला कापलेली फिल्म

साहेबांनी माझ्या डोक्याची फिल्म कात्रीनं कापली आणि गच्चीवर वाटली. ग्रहण बघायला.

मी वाळलेलं धुणं काढायला वर गेले, तेव्हा ढग फाटले होते आणि सगळे वर बघत उभे होते. साहेब, वहिनी, शेजारचे वकील, त्यांची बायको. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एकेक काळा चौकोन. आधी मला कळलं नाही. मग वकिलांच्या हातातल्या चौकोनात सूर्य आला आणि त्यातली कवटी उजळली. माझी.

"काय गं, तुझ्या डोक्याचा फोटो बरा कामाला आला की!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. माझंही तोंड हसल्यासारखं झालं. सवयच तशी.

त्या घरी मी स्वयंपाक आणि धुणंभांडी करायची. गडमुडशिंगीहून बसनं यायची. आधी एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं, मग पुन्हा दिसू लागलं. मग पायाला मुंग्या. मग मी विसरायला लागले. आमटीत मीठ घातलं की नाही, आठवायचं नाही. गॅससमोर उभी राहायची आणि आपण इथं कशाला आलो, तेच डोक्यातून जायचं. वहिनी म्हणायच्या, कामचुकार झालीस.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा आजाराला नाव दिलं. एम. एस. मेंदूतल्या शिरांवरचं आवरण झिजतं, म्हणाले. फिल्म उजेडावर लावून पांढरे डाग दाखवले. मधोमध पाण्याच्या काळ्या पोकळ्या दाखवल्या. मेंदू आकसला की त्या मोठ्या होतात. "ही जपून ठेवा. पुढच्या वेळी नवी काढली की दोन्ही शेजारी लावून बघू. तेव्हाच कळेल, किती कमी झालंय."

आमचं छप्पर पावसात गळतं. म्हणून वहिनींना विचारून ती फिल्म मी त्यांच्या कपाटामागं ठेवली होती. दुसरीकडं कोरडी जागा नव्हती.

"वहिनी, ती मिरजेला न्यायची हुती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"अगं, दुसरी काढणारच हाईस की."

"जुनी पण लागती. किती कमी झालं, ते बघाय."

वहिनींनी डोळ्यासमोरचा तुकडा खाली केला. "चौथी शिकलेली तू. असं काय हुतं गं त्यात, कमी व्हायला?"

त्या रागानं बोलल्या नाहीत. खरंच नवल वाटल्यासारखं बोलल्या. तेच मला अजून ऐकू येतं. भांडी घासताना, झोप लागताना. काय हुतं गं त्यात?

होतं. जयंतीला आमच्या बाया गाणी म्हणायच्या. मला पुढं बसायची लाज वाटायची. पण सगळ्या गाण्यांच्या सगळ्या ओळी माझ्या डोक्यात होत्या. कुणी अडली की मी मागून हळूच पुढची ओळ सांगायची. यंदा एक बाई अडली आणि तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. तिथं काहीच नव्हतं.

हे वहिनींना सांगता आलं नाही. तेवढ्यात साहेब वकिलांना म्हणाले, "पूर्वी हिची माणसं गिराण सुटलं की दान मागत यायची. आज उलटं झालं बघा. हिनंच आपल्याला दान दिलं!"

पुन्हा हसले.

माझी आज्जी तशी फिरली होती, पाटी घेऊन. बौद्ध झाल्यावर तिनं ते सोडलं. पण नंतरही ग्रहण लागलं की ती दार लावून अंधारात बसायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. मला त्या गच्चीवर कळलं.

"मी दान दिल्यालं न्हाय," मी म्हणाले. "माझं हाय. परत द्या."

"थांब की जरा. सुटू दे तरी गिराण."

मी हात पुढं केला आणि तिथंच थांबले. हात पसरला, तर मागितल्यासारखंच दिसणार होतं. मी हात पसरला नाही. साहेबांच्या बोटांतून तुकडा ओढून घेतला. मग वकिलांच्या. मग त्यांच्या बायकोच्या. वहिनींनी आपला तुकडा कठड्यावर ठेवला, हातात दिला नाही. तोही घेतला. कोणी हसत नव्हतं. धुणं दोरीवरच राहिलं. मी त्या घरी परत गेले नाही.

नवी फिल्म काढली, तेव्हा डॉक्टरांनी चिकटपट्टीनं जोडलेली जुनी शेजारी लावली. दोन्हींवरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "पोकळ्या वाढल्यात. तुमचं विसरणं खरं आहे." मला रडू आलं. भीतीनं आलं, आणि दुसऱ्या एका गोष्टीनंही. कमी व्हायला आधी असावं लागतं.

मग नवीन काम बघायला गेले. बाईंनी दारातच विचारलं, आधीचं का सोडलंस? मी आजारापासून सुरुवात केली. मध्येच एक शब्द अडला. साधा, रोजचा. येईना.

"बरं बरं, कळलं. असू दे," म्हणत बाई दार लोटायला लागल्या.

"अजून झालं न्हाय माझं," मी म्हणाले.

त्या थांबल्या. शब्द यायला वेळ लागला. मान खाली न घालता मी उभी राहिले. पुढं याहून जास्त वेळ लागेल, मला माहीत आहे. लागू दे. माझं बोलणं आता मीच पुरं करणार. समोरच्यानं थांबायचं.