आतड्यांचा अर्थ

"नुसता अर्थ पाठ करू नका, वाक्यात वापरा!" असं म्हणत मॅडम टेबलावर डस्टर आपटायच्या आणि खडूच्या धुरळ्यानं स्वतःच शिंकायच्या. उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर त्यांचा इंग्रजी बोलायचा क्लास होता. शाळेतून निवृत्त झालेल्या, किरकोळ बांध्याच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शेंद्र्याच्या कंपनीतून सुटलो की मी तिथं जायचो.

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय हेट युअर गट्स.'

"गट्स म्हणजे हिंमत ना, मॅडम?" मी विचारलं.

"एरवी हिंमत. मूळ अर्थ आतडी. इथं मात्र, माणूस अगदी आतड्यापासून नकोसा होणं. साहेबाला म्हणू नका, नोकरी जाईल!"

सगळे हसले. शेजारच्या बाकावरची शोभा हसली नाही. तिच्या हातावर कायम वळ असायचे. तिनं तेच शब्द वापरून नवऱ्यावर वाक्य लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, तिच्याकडं पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी तिचा नवरा कोयता घेऊन जिना चढून आला. वही त्याच्या हाती लागली होती, आणि मोबाइलनं त्याला त्या वाक्याचं शब्दाला शब्द लावून मराठी करून दिलं होतं.

"माझी आतडी काढती व्हय? थांब, तुझीच काढतो!"

केस धरून त्यानं शोभाला बाकावरून ओढलं. आम्ही दहा-बारा तरणेताठे जागचे हललो नाही. साठीच्या मॅडम मात्र मध्ये शिरल्या.

"तुम्ही अर्थ चुकीचा लावलाय. आधी तिला सोडा."

कोयता खाली आला. मॅडमनी उजवा हात आडवा घातला. फळ्यावर रक्ताची चिळकांडी उडाली, तेव्हा कुठं आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. तो निपचित पडला तरी मी लाथा घालतच होतो.

"बस!" मॅडम ओरडल्या. "मेला तर तू आत जाशील."

त्यांची दोन बोटं गेली. शोभा सिल्लोडला माहेरी गेली. दवाखान्यात मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "अर्थ सांगितला रे. वही घरी नेऊ नकोस, हे सांगायचं राहिलं."

कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "संसार मोडणारं हे वाक्य तुम्हीच शिकवलंत?"

"हो. पण ते संसार मोडल्यावर लिहिलंय, साहेब. आणि बरोबर लिहिलंय."

जबाबावर सही करायला त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. गेल्या उन्हाळ्यात मॅडम वारल्या. मला दिसते ती त्या दिवशीची सही. पहिलीतल्या मुलानं करावी तशी वाकडी, वेळ घेत केलेली, पण पूर्ण नावाची. सगळं कोर्ट तोवर थांबून होतं.