लागला की नाही लागला

गडमुडशिंगीच्या अलीकडच्या एका गावात कबड्डीच्या स्पर्धेची अंतिम लढत चालू होती. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी पेठ वडगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि त्या दिवशी टेबलावर गुण लिहायला बसले होते. मैदानावरच्या दोन पंचांपैकी एक होते आमचे काका. नात्यानं कुणाचेच काका नव्हते. दूध डेअरीत नोकरी, घरी थोडी शेती, आणि आमच्या भागातल्या बहुतेक सामन्यांना शिट्टी त्यांची. सकाळपासून ते उन्हात उभे होते. पंचांना बदली द्यायची पद्धतच नव्हती.

शेवटच्या चढाईत यजमान गावचा पोरगा समोरच्या कोपऱ्यात घुसला, पाय लांब टाकला आणि मध्यरेषेवर परत आला. मागे वळून हात वर करून तो सांगत होता की पाय लागला. कोपऱ्यातला बचावपटू मान हलवत होता. काकांनी नाही म्हणून खूण केली आणि गाव हरलं.

माणसं दोरी ओलांडून आत आली. कुणी कॉलर धरली, कुणी मागून ढकललं. काका पडले, कोपर सोलवटलं. आयोजकांनी त्यांना कसंबसं ओढून शाळेच्या वर्गात आणलं. महिलांच्या सामन्यांना आलेली आणखी एक पंच तिथं होती. ती गडमुडशिंगीचीच, एका दवाखान्यात नर्स. तिनं जखम धुतली. बाहेर लोक शिव्या देत होते. काका बाकावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, पाय लागला का न्हाय, मला दिसलंच न्हाय. मी कोपऱ्यात उशिरा पोचलो. दिसलं न्हाय म्हणून न्हाय म्हणालो."

त्यांनी गावाला लुबाडलं नव्हतं आणि पाहुण्या संघाला झुकतं मापही दिलं नव्हतं. एक थकलेला माणूस योग्य जागी पोचला नव्हता, एवढंच झालं होतं. पण बाहेर ते कुणाला सांगणार?

त्यानंतर काकांनी शिट्टी सोडली. दोन-तीन स्पर्धांना ते आले नाहीत, तेव्हा मी आणि नर्स त्यांच्या घरी गेलो. ते गोठ्यात म्हशीची धार काढत होते. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि स्पष्टच सांगितलं, "परत न्यायला आला असाल तर जाऊ नका म्हणणारी मी हाय. माणूस मार खायला पाठवायचा काय?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हणाले, "मैदानात उतरू नका. पण आम्हाला शिकवा तरी."

"मी काय शिकवू?" काका धार काढता काढताच म्हणाले. "ज्याला दिसलं न्हाय, त्यानं बघायला शिकवायचं व्हय?"

नर्सनं चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, "काका, आम्हाला नर्सिंग शिकताना हाताला रंग लावून हात धुवायला सांगायचे. धुऊन झालं असं वाटायचं आणि बघितलं तर नखाच्या कडेला रंग तसाच. तसं आपण करून बघू की. चढाई करणाऱ्या पोरीच्या बोटांना रंग लावायचा. लागला की नाही ते रंगच सांगेल."

काकांचे हात थांबले. "पायाला पण लावावा लागंल," ते म्हणाले.

रंगपंचमी नुकतीच झाली होती, दुकानात उरलेला रंग स्वस्तात मिळाला. रविवारी आमच्या शाळेच्या मैदानावर मी माझ्या संघातल्या मुलींना जुने पांढरे शर्ट घालून बोलावलं. नर्स विहारातली वंदना आटोपून पहिल्या गाडीनं आली. आसपासचे सात-आठ पंचही आले. त्यातले निम्मे तरी आमची गंमत बघायला आले असावेत. नियम सोपा होता. चढाई संपली की पंचानं आधी हात वर करून निर्णय द्यायचा आणि मगच जवळ जाऊन बचाव करणाऱ्या मुलीच्या शर्टावरची, पायावरची खूण बघायची. बघून झालं की ओल्या फडक्यानं पुसून पुढची चढाई.

सकाळभर आमची जी फजिती झाली ती सांगवत नाही. मी छातीठोकपणे 'लागला' म्हणाले तिथं शर्ट कोरा, आणि 'नाही' म्हणाले तिथं घोट्यावर गुलाबी अंगठा उमटलेला. एक बँकेतले पंच तर रंगाशीच भांडायला लागले. ही खूण मघाचीच असणार, म्हणाले. मुली तोंडाला हात लावून हसत होत्या. काका लिंबाच्या सावलीत बसून सगळं बघत होते. आपल्याशिवाय बाकीचेही इतके चुकतात हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा सैलपणा आला. थोड्या वेळानं ते उठले, चपला काढल्या आणि रेषेवर माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तोंडाकडं बघू नगंस," ते म्हणाले. "तोंड खोटं बोलतंय. पायाकडं बघ. आणि पोरगी कोपऱ्याकडं वळली की तू आधी निघ, तिच्या मागनं न्हाय."

असे आमचे रविवार सुरू झाले. पावसाळ्यात बंद पडायचे, दसऱ्यानंतर पुन्हा जमायचे. कुठं उभं राहायचं, कधी सरकायचं, खूण कशी द्यायची की शेवटच्या माणसालाही दिसेल, सगळं आम्ही चुकत चुकत बसवलं. एक गोष्ट मात्र रंगामुळंच कळली. ऊन चढलं की सगळेच जास्त चुकायचे. चांगल्यातला चांगला पंचही दुपारी भलतंच काहीतरी सांगायचा.

म्हणून काका स्पर्धांच्या आयोजकांना भेटायला लागले. पंचांना बदली द्या, बसायला खुर्ची द्या, पाणी द्या. बहुतेक जण हसायचे. एक जण म्हणाला, "पळतंय कोण, खेळाडू. पंचाला कसली विश्रांती?"

"पंच दमला की तुमचंच पोरगं बाद हुतंय," काका शांतपणे म्हणाले. त्या माणसानं खुर्च्या दिल्या.

पुढं काही वर्षांनी, काकांना जिथं मार बसला होता त्याच गावानं त्यांना सरपंच म्हणून बोलावलं. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. काकूंनी कटकट केली, पण डबा करून दिला. महिलांच्या अंतिम सामन्यात नर्स आणि मी पंच होतो. ऐन रंगात आलेल्या डावात यजमान संघाच्या मुलीनं चढाई केली. मी गुण दिला नाही, आणि नर्सनं काहीच खूण केली नाही. प्रेक्षक उभे राहिले. काकांनी खेळ थांबवला, आम्हा दोघींना मधे बोलावलं.

"काय वाटलं ते सांगू नका. काय दिसलं ते सांगा."

"हात आणि खांदा यात वीतभर अंतर होतं. मी शेजारीच होते," मी म्हणाले.

नर्स म्हणाली, "मधे दुसरी मुलगी आली. मला दिसलं नाही."

एवढ्या लोकांसमोर ते वाक्य बोलायला काय लागतं ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. काकांनी मान डोलावली आणि गुण नाही असं जाहीर केलं. खूप आरडाओरडा झाला. पण काकांनी यजमान संघाच्या कर्णधाराला जवळ बोलावून, कोण कुठं उभं होतं आणि कुणाला काय दिसलं, हे लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती मुलगी हिरमुसली, पण जागेवर गेली. दोरी ओलांडून कुणी आलं नाही. सामना संपल्यावर एका म्हाताऱ्यानं आमच्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "पावणं, घ्या. घसा कोरडा पडला असंल."

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. गगनबावड्याकडच्या एका स्पर्धेत त्यानंतरही आम्हाला जीपमधून पळ काढावा लागला होता. पण आमच्या रविवारांना येणारे पंच वाढत गेले. पुढं मातीच्या जागी मॅट आली आणि मॅट खराब होते म्हणून रंग बंद झाला. नर्स पंचांच्या पुढच्या परीक्षा देऊन मोठ्या स्पर्धांना जायला लागली.

काकांना मोतीबिंदू झाला तसे ते स्वतःच थांबले, यावेळी कुणी ढकललं नाही. पुढच्याच स्पर्धेला ते काकूंना घेऊन प्रेक्षकांत येऊन बसले. मी रेषेवर उभी होते. वडगावच्या पोरानं अंगाला लटकलेल्या तिघांना ओढत रेषा गाठली, तेव्हा काका उठून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले आणि थांबेनातच. मध्यंतरात मी त्यांच्याकडं गेले, तर काकू म्हणाल्या, "हात लाल झालेत बघ यांचं."

काका हातांकडं बघत म्हणाले, "इतकी वर्षं टाळी वाजवायची चोरी हुती, बाई."