तळाच्या संघासाठी ओरडताना

माझी धाकटी बहीण गोलकीपर आहे. आमच्या गावी आलापल्लीत, सागवानाच्या डेपोमागच्या मैदानावर पोरांचे फटके अंगावर घेत ती शिकली आणि आता दूरच्या एका शहरातल्या महिला क्लबकडून देशाच्या लीगमध्ये खेळते. गेली काही वर्षं तिचा क्लब दरवेळी थोडक्यात मागे राहायचा. गुडघाही कुरकुर करायला लागला होता. मागच्या हंगामाच्या सुरुवातीला तिने बाबांना फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, या साली आशियात गेलो त खेळीन. नाई त ग्लोव्हज ठेवते अन घरी येते."

बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ते स्वतः वनखात्याच्या डेपोत नोकरी करता करता गोलकीपर होते. तिला चेंडूवर झेप घ्यायला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी ते दोन घास कमीच जेवले.

आशियात जायचं म्हणजे काय करायचं, हे सगळ्या आळीला समजावण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आमच्या तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेचा मी सचिव, तेव्हा अक्कल पाजळायचा हक्क माझाच. शेजारच्या चाचांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे बसून मी सांगायचो, की शाळेच्या खेळांत तालुका जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, जिल्हा जिंकलेला विभागाला जातो, तसंच हे. प्रत्येक देशाची लीग असते. लीग जिंकणारा क्लब आशियाच्या स्पर्धेला जातो. दुसऱ्या नंबरवाल्याला आपल्याकडे काही मिळत नाही.

"मंग जिंकलं का डायरेक्ट मोठ्या टीमाईसंग मॅच?" चाचांनी विचारलं.

"नाई चाचा, आधी पात्रता फेरी. तिथी जिंकलं का मंग मुख्य स्पर्धा."

"म्हणजे इतकं मरमर करून फक्त गेटापर्यंत?" चाचा म्हणाले. मला असा राग आला, की चहा अर्धा टाकून उठून आलो.

पण हंगाम असा काही रंगला की विचारू नका! शेवटचे सामने उरले तेव्हा बहिणीचा क्लब सगळ्यांत वर होता. त्यांचा शेवटचा सामना त्यांनी जिंकलासुद्धा. त्यांच्या पाठलागावर आता एकच संघ, एका गुणाने मागे, आणि त्याचा एक सामना बाकी. तो सामना नेमका तळाच्या संघाशी. हंगामभर मार खाल्लेला, लीगमधून बाहेर फेकला जाणार हे ठरलेला तो संघ. आता आमचं सगळं त्याच्या पायांवर आलं.

आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळे पाण्यात ठेवायला कोणी नव्हतं. मी कागदावर गणित मांडलं आणि चाचांच्या दुकानात जाहीर केलं, की प्रतिस्पर्धी हरलाच पाहिजे. नुसती बरोबरी कामाची नाही. बरोबरी झाली तर दोन्ही संघांचे गुण सारखे होतील आणि मग गोलफरक, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल, पाहतील. त्या प्रतिस्पर्धी संघाने हंगामात गोलांचा पाऊस पाडला होता. आमच्या तालुक्यात असंच ठरतं, हे मी स्वतः सचिव म्हणून वर्षानुवर्षं करत आलोय. माझ्यासमोर कोण बोलणार?

सामना दुपारी होता. चाचांनी दुकानातला टीव्ही इंटरनेटला जोडून दिला. अर्धी आळी जमली. ज्या संघाचं नावही आम्हाला धड घेता येत नव्हतं, त्याच्यासाठी आम्ही घसे फोडून ओरडत होतो. "मार! मार बाई!" त्या पोरी जणू आमच्याच घरच्या झाल्या होत्या. आणि पूर्वार्ध संपता संपता तळाच्या त्या संघाने गोल मारला! चाचांनी हातातला पेचकस वर उडवला, तो कुठे पडला ते कोणाला कळलं नाही. बाबा उभे राहिले ते बसेचनात. मी तर शेजाऱ्याच्या पाठीत इतक्या जोरात धपाटा घातला, की तो रागावून पुढच्या रांगेत जाऊन बसला.

उत्तरार्धात आमचा जीव टांगणीला लागला. मध्येच चित्र अडकायचं, सगळे "अरे अरे" करायचे, चित्र सुरू झालं की गोलपोस्टसमोर गर्दी. आणि अगदी शेवटी कॉर्नरवरून प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी साधली. थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

मी खुर्चीवर धपकन बसलो. माझ्या तोंडातून शिवी निघाली ती बाबांसमोर, पण त्यांनी ऐकलीच नाही. ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले होते.

"ह्या पोरी काऊन रडून राह्यल्या बे?" ते म्हणाले.

"खुशीनं रडत असतीन," मी करवादलो. "आशियाले चालल्या न त्या."

"नाई. त्या कीपरीनले पाह्य. तोंड जमिनीत घालून पडली आहे, उठवलं त उठून नाई राह्यली. हे खुशीचं रडणं नोहे. म्या रडलो आहे असं. हरल्यावर."

सगळे पुढे सरकले. खरंच, प्रतिस्पर्धी संघाच्या पोरी मैदानावर जागोजागी बसल्या होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. बहीण होती आणि तिच्यामागे इतका आरडाओरडा, की मला काही ऐकू येईना. मी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, चाललो आपण! आशियाले चाललो!"

"अवं पण गोलफरक..."

"गोलफरक नाई पाहत इथी! गुण सारखे झाले का पहिले आपसातल्या मॅच पाहतात. आम्ही त्याईले एकदा हरवलं, एकदा बरोबरी. चाललो दादा!"

मग जे झालं ते सांगायची सोय नाही. चाचांनी मला मिठी मारली आणि त्याच मिठीत "मोठा आला सचिव!" म्हणून पाठीत गुद्दे घातले. त्यानंतर आळीतल्या प्रत्येकाने माझी हजामत केली आणि मी ती आनंदाने करवून घेतली. आयुष्यात चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाबांनी माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"जय भीम बाबा," ती म्हणाली. एवढं म्हणून तीही रडायला लागली. मग सावरून म्हणाली, "पात्रता फेरीले अजून वेळ आहे. मधात सुट्टी आहे. येऊन जाऊ काय घरी?"

तिला पाहून कितीतरी महिने झाले होते. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"नको," ते म्हणाले. "ग्लोव्हज काढू नको. तू आता घरी येऊ नको, बाई."