दोन पंप तरी चालू करा

शाळेच्या मीटरबोर्डावरचा व्होल्टेजचा काटा पार खाली आला होता, आणि आतून सिस्टर ओरडल्या, "वायरमन, मशिनं परत बंद पडली."

कोरोनाची दुसरी लाट होती. बेलापूरजवळच्या एका गावात शाळेतच कोविड सेंटर उघडलं होतं. हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशिनांवर पेशंट होते. मशिनांना दोनशेच्या वर व्होल्टेज लागतं, आणि तेच मिळेना. कारण शेतीपंप. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते. प्रत्येक पंपाला 'ऑटो' लावलेला. लाईट आली की मालक घरी घोरत असला तरी पंप सुरू. सगळेच एकदम सुरू झाले की लाईन मान टाकते.

मी आमच्या वीज कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"मग शेतीचा फीडर बंद कर ना."

"साहेब, शाळा त्याच फीडरवर आहे." फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघालेली एक लाईन.

साहेबांनी सबस्टेशनातून व्होल्टेज वाढवून दिलं. पुढच्या गावातलं सेंटरही याच लाईनवर होतं, त्यांनाही ते हवंच होतं. पण आम्हाला पुरेना.

सरपंचांनी देवळाच्या भोंग्यावरून पंप बंद करायला सांगितलं. काटा जागचा हलला नाही. लोक वाईट नव्हते. उन्हानं ऊस करपत होता, आणि माझ्या एकट्याच्या पंपानं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. मला मात्र राग आला.

आत पहिल्याच खाटेवर यमुनाकाकू होत्या. भोंगा त्यांनीही ऐकला आणि सरपंचांना फोन केला. मला बोलायचंय म्हणाल्या. सरपंचांनी मोबाईल माईकला लावला.

"पान्याची पाळी हाय... तुमची. भिजवून घ्या. ऊस जळाला तर... वरीसभर खानार काय? मला जरा कमी वारा... चालंल."

दोन शब्दांमधली त्यांची धाप गावभर ऐकू गेली.

काटा हलला. थांबला. परत हलला. रस्त्यावरून मोटरसायकली पंप बंद करायला शेताकडे निघाल्या. लाईनवर माझा जन्म गेला, पण माणसांचं मन मीटरवर दिसतं हे मला माहीत नव्हतं.

काटा दोनशेच्या वर गेला, मशिनं सुरू झाली. पण तो तिथं थांबेना. सगळेच पंप बंद, आणि सबस्टेशनातून वाढवलेलं व्होल्टेज तसंच. काटा अडीचशेच्या पुढं गेला. एवढ्यानं मशिनं जळतात. सबस्टेशनातून कमी करावं, तर पुढच्या गावाचे हाल.

"सरपंच, दोन पंप तरी चालू करायला सांगा."

त्यांनी सांगितलं. कुणी ऐकेना. एकाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "मी न्हाई करनार. काकूला काय झालं म्हंजे? दुसऱ्याला सांगा." दुसऱ्याचंही तेच.

साहेब फोनवर वैतागले. "पंप बंद करत नाहीत की चालू करत नाहीत? एक काय ते सांग."

शेवटी मी सिस्टरांकरवी काकूंनाच गळ घातली. त्यांचा मुलगा दिलीप शाळेच्या फाटकाशी बसून होता. सगळ्यांत आधी त्यानंच पंप बंद केला होता. काकूंनी त्याला फोन केला. "दिल्या, आपला पंप चालू कर. गुरांचा घास वाळतोय."

तो डोळे पुसत गेला. त्याचा पंप सुरू झालेला ऐकून शेजारच्या चौघा-पाचजणांनीही आपले सुरू केले. काटा खाली आला आणि टिकला.

काकू बऱ्या होऊन घरी गेल्या. परवा बांधावर घास कापताना दिसल्या.

मी एवढंच शिकलो. गावाला पंप बंद करायला सांगताना, किती जणांनी बंद करायचे नाहीत, हेही आधीच सांगून ठेवावं.