सिद्रामप्पांच्या नायकाची तपासणी

ज्वारी निवडत होते. अर्धी सुपात, अर्धी ताटात, तेवढ्यात सिद्रामप्पा वही काखेत मारून दारात. "वैनी, आज नाटकाचा निकाल हाय. चला." सूप तसंच ठेवलं, देवीपुढची वात सारखी केली आणि निघाले.

सिद्रामप्पा आमच्या गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजतात. कुणाची भीड ठेवत नाहीत. दहा वर्षांत तीन नाटकं लिहिली, एकही उभं राहिलं नाही. हे चौथं सोसायटीच्या वर्धापनदिनाला व्हावं म्हणून जिवाचं रान केलंय. चेअरमन म्हणाले, बघायला बायाच बसणार. त्या हो म्हणाल्या तर मांडव देतो. म्हणून संध्याकाळचं दूध घालून बाया सोसायटीतच थांबलेल्या. माझ्यासकट सातआठ जणी.

अप्पा वाचू लागले. नायक अनाथ. छाती रुंद, दंडावर जन्मखूण, घोडा पांढरा. बारा वर्षांचा दुष्काळ पडतो, तर हा एकटा चाळीस हात विहीर खणतो. भूक नाही, तहान नाही, साधी शिंक नाही.

गजराबाईनं बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर माती वाहिलेली. ती म्हणाली, अप्पा, काचेची नळी बुडवून तुम्ही आमच्या दुधातलं पाणी ओळखता, आज आमी तुमच्या नायकातलं बघतो.

मग तिनंच विचारलं, "ह्यो खाली खणतोय, मग वर माती कोण वढतंय?"

अप्पांनी दोन पानं मागं उलटली. म्हणाले, नायक एकटाच असतो, तसा रिवाजच आहे. प्रेमाबाईनं विचारलं, आन् घोड्याला पाणी कोण पाजतं? सगळ्या खिदळल्या.

अप्पांचा चेहरा उतरला. मलाच चोरट्यासारखं झालं. तीनदा त्यांनी मला हे ऐकवलं होतं आणि मी पोळ्या लाटता लाटता नुसतं छान म्हणाले होते.

वही मिटून अप्पा म्हणाले, "मग तुमीच वढा की माती. मांडवात. समद्यांपुढं."

हसणं थांबलं. आमच्या गावात लुगडं नेसून गडीच नाचतात. बाई कधी स्टेजवर चढलेली नाही.

गजराबाईनं पदर नीट घेतला. "बोलायचं काय न्हाय नव्हं? मग वढते. पर नायकानं मधी बसून भाकर खायाची, आमच्या पंगतीत."

अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथं भाकर लिहिली. चेअरमननी मांडव दिला. मातीच्या चौथ्या टोपलीला माझं नाव लागलंय. देवीचं नाव घेऊन हो म्हटलं.

उद्या सकाळच्या गाडीनं अप्पा टोपल्या आणायला उमरग्याला जाणार आहेत.