टाकीमागे गेलेला ड्रोन

परवा धुळ्याजवळच्या एका गावात जीव टांगणीला लागला होता...

तिथली पाण्याची टाकी जुनी. वर माणूस न चढवता घुमटाचे तडे बघायचे, म्हणून ग्रामपंचायतीने मला जळगावहून ड्रोन घेऊन बोलावलं होतं. सोबत वॉलमन नाना... अर्धं आयुष्य गावाला पाणी सोडण्यात गेलेले.

मी पंखे बसवत होते, नाना उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "ताई, तुमना हातमाईन हाई सुटी गयं, तं कथाईन वापस यी?"

मी ऐटीत सांगितलं, सिग्नल तुटला की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर जातो आणि तिथून सरळ आपल्याकडे येतो. नानांनी टाकीकडे मान वर करून विचारलं, मग ती उंची किती ठेवलीय?

सेटिंग उघडलं... वीस मीटर. गेल्या आठवड्यात रावेरला केळीच्या बागेवर उडवला होता, तीच राहून गेलेली. टाकी त्याहून उंच. गुपचूप पन्नास केली.

तीन बाजू छान झाल्या. चौथीसाठी मीच पलीकडे चालत जायला हवं होतं, ड्रोन नजरेआड करायचाच नसतो. पण मध्ये काटेरी बाभळी... म्हटलं, अर्ध्या मिनिटाचं तर काम.

ड्रोन टाकीमागे गेला आणि स्क्रीन अडकली. सिग्नल गेला.

टाकीला लागूनच अंगणवाडी. सकाळपासून आत असलेली पोरं नेमकी तेव्हाच खिचडी खायला ओट्यावर आली होती. रिमोटवर काहीच चालेना, नुसता आवाज येत होता... वर वर जाणारा.

मग घुमटाच्या बऱ्याच वर तो दिसला. सावकाश टाकी ओलांडून आला आणि आमच्यासमोर उतरला. मी आधी पंखे बंद केले.

आता नानांना खरं सांगितलं. उंची वीसच असती तर तो टाकीवर आदळला असता... आणि खाली पोरं. नानांनी ओट्याकडे बघितलं. "व्हयनं नही ना, ताई... मंग बस," म्हणाले. काही झालं नाही, एवढंच त्यांना पुरे होतं.

पोरं आत गेल्यावर नानांनी कोयत्याने बाभळीतून वाट काढली. चौथी बाजू मी पलीकडे उभं राहून, ड्रोन डोळ्यांसमोर ठेवून केली.

काल रिपोर्ट पाठवला. 'पाहणी करणाऱ्याचं नाव' यापुढे एकाच नावाची जागा होती... मी बारीक अक्षरात दोन लिहिली.